घरच्या जेवणाच्या कॅलरी मोजता का? वाटी, फोडणी आणि कूट यांचा हिशेब

अर्धी_वाटी

नमस्कार मंडळी. वजनावर इथे पूर्वी बरेच धागे येऊन गेलेत, पण ते सगळे भात सोडावा की पोळी, दोनदा जेवावं की सहादा, या वादात वाहून गेले. हा धागा एकाच गोष्टीसाठी काढतेय. चार माणसांचा स्वयंपाक एका कढईत होतो, त्यातल्या आपल्या ताटात आलेल्या कॅलरी धरायच्या कशा?

पार्श्वभूमी थोडक्यात: वय ४२, उंची १५५ सेंमी, वजन ६८ किलो, दिवसभर बसून काम. साखर सीमारेषेवर आली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. फोनवर ॲप घेतलं. त्यात 'कांदेपोहे, १ वाटी' असं असतं. कोणाची वाटी? आमच्याकडे नैवेद्याची वाटी आहे, आमटीची आहे, आणि सासूबाईंच्या रुखवतातली एक आहे, तिच्यात पाव लिटर दूध मावतं. शिवाय पोह्यांत तेल किती पडलंय हे त्या ॲपला काय कप्पाळ ठाऊक असणार?

म्हणून मी डिजिटल वजनकाटा आणला (चार-पाचशेत मिळतो) आणि ताटाऐवजी कढई मोजायला लागले. सगळं कच्चं असताना तोलायचं, शिजल्यावर कढईसकट तोलायचं, कढईचं वजन वजा करायचं. आमच्या सगळ्या कढया-पातेल्यांची वजनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलीत. नवरा म्हणतो, भंगारवाल्याची तयारी चालली आहे.

परवाचे पोहे बघा. पोहे २५० ग्रॅम म्हणजे साधारण ८७५ कॅलरी. तेल चार मोठे चमचे, म्हणजे ५५ ग्रॅमच्या आसपास, ४९० कॅलरी. शेंगदाणे ५० ग्रॅम, २७०. कांदे २०० ग्रॅम, ९०. ओलं खोबरं वरून भुरभुरवायला ३० ग्रॅम, ११०. साखर दोन लहान चमचे, ४०. बेरीज १८७५. चौघांत वाटले तर एका बशीला ४७० च्या घरात. आणि यात खुद्द पोह्यांचा वाटा निम्म्याहून कमी! पोहे कमी घ्या, पोहे कमी घ्या असं सगळे सांगतात. इथे तेल दोन चमच्यांवर आणलं तर पोह्यांचा एक दाणाही कमी न करता माणशी साठेक कॅलरी उतरतात.

पोळीचंही तेच. ३० ग्रॅम कणकेची पोळी साधारण १०० कॅलरी. पण घडीला तेल आणि वरून तूप मिळून एक लहान चमचा लागला की ती १४५ ची होते. भाकरीला तेल लागत नाही, पण भाकरी ५०-६० ग्रॅम पिठाची असते, त्यामुळे 'भाकरी हलकी' म्हणून दोन खाल्ल्या तर हिशेब तिथेच येतो.

प्रश्न असे: रोज एवढं तोलणं कोणी वर्षानुवर्षं करतं का? पाहुणे, सण, बाहेरचं खाणं कसं धरता? आणि दिवसाला किती खायचं हा आकडा कुठून काढता? ॲप मला सरळ १२०० म्हणतंय आणि संध्याकाळी सहाला माझं डोकं फिरतं.

शेवग्याची_शेंग

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर रात्री.

खवय्या_नं_१

आमच्या आजीने आयुष्यात एक कॅलरी मोजली नाही, नव्वदीपर्यंत खुटखुटीत होती. ताटात काय पडतंय त्यापेक्षा ते आनंदाने खातोय का ते बघा. (हलके घ्या.)

वाळवणकर_काकू

खवय्या, तुमच्या आजीने मोजलं नसेल, पण तिच्या सासूने मोजलं होतं. आमच्याकडे महिन्याचं तेल किटलीतून मोजून यायचं आणि पळी सासूबाईंच्या ताब्यात. दिवाळीला रेशनवर पामतेल मिळायचं, त्याच्या रांगेत मी उभी राहिलेली आहे. चकल्या तळल्यावर उरलेलं तेल गाळून पुढचे पंधरा दिवस फोडणीला जायचं, सांडणं शक्यच नव्हतं. आता पाच लिटरचा कॅन ओट्याखाली असतो आणि फोडणीला सरळ बाटली वाकडी केली जाते.

अर्धी वाटी, रोज तोलायचा कंटाळा येत असेल तर माझी युक्ती सांगते. नवा कॅन उघडला की त्यावर पेनाने तारीख घालायची, संपला की दिवस मोजायचे. बाकी काही तोलू नका.

हिशेबनीस

काकूंची युक्ती एक नंबर आहे, तिला आकडे जोडतो. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो, म्हणजे जवळपास ४१,००० कॅलरी. चार माणसांत ३० दिवसांत संपलं तर रोजच्या माणशी ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तूप, दाणे, खोबरं त्यात धरलेलं नाही. तोच कॅन ५० दिवस पुरवला तर हा आकडा २०५ वर येतो. फरक १३५ चा, आणि कोणाच्याही ताटातलं काही काढून घेतलेलं नाही.

आता धागाकर्तीच्या आकड्याबद्दल. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० चं सूत्र आहे, बहुतेक ॲप तेच वापरतात. बायकांसाठी: वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, उणे १६१. पुरुषांना १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे. तुमचं येतं १२७८. म्हणजे दिवसभर पडून राहिलात तरी शरीर एवढं जाळणार. थोडीफार हालचाल धरून त्याला १.३७५ ने गुणलं की साधारण १७५०. त्यातून ४०० वजा करून १३५० वर या. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशेबाने किलोला एकोणीस-वीस दिवस. कागदावर. प्रत्यक्षात वजन उतरेल तशी शरीराची गरजही उतरते आणि हालचालही नकळत मंदावते, म्हणून पुढचे किलो सावकाश जातात. १२०० ची काही गरज नाही, संध्याकाळी सहाला डोकं फिरून फरसाणाचा डबा उघडण्यापेक्षा १३५० बरे.

दोन सूचना. मनगटावरचं घड्याळ 'आज व्यायामात ५०० जाळल्या' म्हणालं तर त्या परत खाऊ नका. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर अडीचशेच्या आसपास जातात, तेवढ्यात वडापावसुद्धा बसत नाही. दुसरं, रोजच्या वजनावर जाऊ नका. आदल्या दिवशी लोणचं-पापड झालं की पाण्याने किलोभर वर-खाली होतं. रोज सकाळी वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. सरासरी तीन आठवडे हललीच नाही तर सूत्र काहीही म्हणो, तुम्ही जेवढं जाळता तेवढंच खाताय.

आणि हो, ॲपमध्ये 'तांदूळ १०० ग्रॅम' निवडून काट्यावर शिजलेला भात ठेवणारे महाभाग आमच्या ऑफिसात आहेत. कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, शिजलेला भात १३०. मग म्हणतात भाताने वजन वाढतं.

अर्धी_वाटी

काकू 🙏 आजच तारीख घालते. हिशेबनीस, चुकत-माकत अंदाज धरला तर चालतो का? कारण आमटीतला गूळ आणि नारळ मी नाही तोलत बसणार.

हिशेबनीस

अंदाज चुकला तरी चालतो, रोज सारखाच चुकू द्या. तुम्ही रोज १५० कमीच लिहीत असाल तर ते आठवड्याच्या सरासरीत दिसेल आणि तुम्ही आकडा तेवढा खाली घ्याल. एक दिवस तोलून, तीन दिवस मनाने, रविवारी काहीच नाही, असं केलं की मग काहीच कळत नाही.

खात्रीचे आकडे हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टकं बघा. ज्वारी, बाजरी, नाचणीपासून पालेभाज्यांपर्यंत सगळं आहे. फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, ४.१८४ ने भागा. नाहीतर ज्वारी १३०० च्या पुढे बघून छातीत धडकी भरेल.

शेवग्याची_शेंग

आले परत. मला यातलं काही झेपत नाही, मी दीक्षितांच्या पद्धतीने दोनदा जेवते, ५५ मिनिटांत आटपते, मध्ये काही नाही. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचं हेच चालू आहे आणि उतरलंय वजन. मोजायला कशाला हवं?

हिशेबनीस

उतरणारच की. मधले दोन चहा, त्याबरोबरची बिस्किटं, पाचची भेळ आणि रात्रीचं 'काहीतरी गोड' एकदम बंद झालं. चहा तेवढा धरा: पन्नास मिली म्हशीचं दूध साधारण ५०, दोन चमचे साखर ४०, म्हणजे कपाला ९०. चार कप झाले की ३६०. तुम्ही न मोजता कॅलरीच कमी केल्यात. ज्याला जे पेलवेल ते. काही जण मात्र त्या दोन जेवणांत सगळी कसर भरून काढतात आणि मग 'माझ्यावर काही चालतच नाही' म्हणतात, त्यांनी आठवडाभर तरी तोलून बघावं.

यावर अमेरिकेत १९९२ साली एक गाजलेला अभ्यास झाला. कितीही कमी खाल्लं तरी वजन हलत नाही म्हणणारे लोक घेतले आणि त्यांचा खरा ऊर्जाखर्च मोजला. शरीर नीट जळत होतं. खात होते ते सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट. माणसं खोटं बोलत नव्हती, आपल्याला खरंच आठवत नाही. कढईतून उचललेली भजी कोण लिहितं?

डॉ_कफसिरप

डॉक्टर म्हणून तीन-चार गोष्टी लिहिणं भाग आहे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या चालू असतील त्यांनी कॅलरी एकदम कमी करू नयेत. गोळीचा डोस तोच आणि जेवण निम्मं झालं की साखर धोकादायक खाली जाते. आधी डॉक्टरांशी बोलून डोस बदलून घ्या. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि वाढीच्या वयातल्या मुलांनी हा उद्योग करूच नये.

दुसरं, आपल्यासाठीच्या सीमा वेगळ्या आहेत. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ पर्यंत ठीक हे युरोपीय लोकांचं. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी. यामागचं कारण समजून घ्यायचं तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो बघा. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अंगकाठी बारीक, आत चरबी, असे आपण. त्यामुळे काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. टेप बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून. पोट आत ओढून मापणारे पेशंट मी रोज बघतो.

तिसरं, कॅलरी कमी करताना आपल्याकडे पहिली कात्री डाळी-दुधाला लागते आणि पोळी तशीच राहते. प्रथिनांची शिफारस किलोला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे अर्धी वाटी, तुम्हाला रोज पंचावन्नच्या आसपास. वाटीभर पातळ वरणात डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम, त्यातून मिळतात जेमतेम पाच. तेव्हा वरण घट्ट करा, उसळ वाढवा, अंडं चालत असेल तर खा, ताक पिताय तिथे दही घ्या.

पारिजात७

मी विरोधी सूर लावणार आहे, चालेल ना?

माझी पुतणी हॉस्टेलला असताना हे ॲप वापरायला लागली. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं. संक्रांतीला हळदीकुंकवाला तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला तर तिने तो रुमालात बांधला आणि घरी आल्यावर काट्यावर ठेवला. एकोणतीस ग्रॅम. मग अर्धा मोडून पुन्हा ठेवला. नंतर पाळी थांबली, केस गळायला लागले, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. दीड वर्ष मानसोपचार चालले. आता बरी आहे, पण घरातला काटा वहिनीने काढून टाकला तो टाकलाच. हे हत्यार प्रत्येकाच्या हातात द्यायचं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

डॉ_कफसिरप

पूर्ण अनुमोदन. आकडा ओलांडला म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं, चारचौघांत जेवायचं टाळणं, लपवून खाणं, यातलं काही दिसलं तर मोजणं त्याच दिवशी बंद करून मदत घ्यावी.

न्यूजर्सीतला_नाना

इकडे मोजणं सोपं असेल असं सगळ्यांना वाटतं, कारण प्रत्येक पुड्यावर छापलेलं असतं. पण छापलेलं असतं 'एका सर्व्हिंग'चं, आणि पुड्यात सर्व्हिंग अडीच! फ्रोझन पराठ्यांच्या पाकिटावरचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पराठा परत फ्रीजरमध्ये ठेवला होता. हॉटेलांच्या साखळ्यांना २०१८ पासून मेन्यूवर कॅलरी छापाव्याच लागतात. तुमच्याकडेही दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांना २०२२ च्या जुलैपासून ते बंधन आहे ना?

खरी गंमत मराठी मंडळाच्या गणपतीत. वीस घरांतून वीस डबे. तिथे कोणाला तेल विचारणार? मी एकच नियम ठेवलाय, ताट एकदाच वाढून घ्यायचं आणि रिकाम्या हाताने टेबलाजवळ उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत.

गोंयकार_बाब

आमच्याकडे शीत-कडीवर (भात आणि माशाचं कालवण) आक्षेप घेतलात तर भांडण होईल. पण खरं सांगायचं तर माशाचा दोष नाही, रव्यात घोळवून तळतो त्या तेलाचा आणि कडीतल्या अर्ध्या नारळाचा आहे. बांगडा भाजला तरी चांगलाच लागतो.

ज्या विषयावर कोणी बोलत नाही तो मी काढतो. साठ मिली व्हिस्कीत नुसत्या दारूच्या १४० कॅलरी असतात, पाणी घाला नाहीतर सोडा. दारूच्या एका ग्रॅमला ७, जवळपास तेलाच्या वळणावर. दोन पेग, वर चखण्याचे मूठभर खारे शेंगदाणे, की ४५०. आणि मग माणूस घरी येऊन म्हणतो, आज भात नको, डाएट आहे.

खवय्या_नं_१

गोंयकार, तुम्ही माझ्या घरी कॅमेरा लावलाय का?

शेवग्याची_शेंग

उपासाचं कोणी लिहिलंच नाही. मी चतुर्थी धरते, त्या दिवशी हलकं वाटतं.

अर्धी_वाटी

शेंगताई, मी तोलली आहे साबुदाण्याची खिचडी. एका माणसाला कच्चा साबुदाणा ६० ग्रॅम, २१०. कूट ३० ग्रॅम, १६५. तूप मोठा चमचाभर, ११५. बटाटा ३५. झाले ५२५, आणि प्रथिनं आली ती कुटातून, साबुदाण्यात नावालाही नाहीत. वर गोड दही आणि बटाट्याचे वेफर्स. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते काट्याने सिद्ध केलं मी. उपासाला आता राजगिऱ्याची भाकरी, भेंडीची भाजी आणि ताक करते. घरात नाराजी आहे, पण खिचडीही करते, बाकीच्यांना.

तोलण्याचं म्हणाल तर आता सगळं काट्यावर ठेवत नाही. मुदीत किती भात बसतो, कोणत्या पळीत किती तेल येतं हे डोळ्याला कळायला लागलंय. नवीन पदार्थ असला किंवा सरासरी अडकली की परत आठवडाभर काटा. नाना, लग्नाच्या जेवणाला मी सरळ हजार लिहून मोकळी होते आणि जिलबी खाते. मठ्ठा मात्र सोडत नाही.

मिसळ_वाढा

उशिरा आलो. दिवाळी तोंडावर आहे, तळणीचं कसं मोजायचं? चकलीने तेल किती प्यायलं हे कळणार कसं? ॲपमध्ये एका चकलीला कुठे ५० दिसतात, कुठे ११०.

वाळवणकर_काकू

सोपं आहे की. कढईत तेल ओतण्याआधी तोला, तळून झाल्यावर गार करून, गाळून परत तोला. जेवढं कमी भरलं तेवढं चकलीत गेलं. थोडं टिपकागदावर उतरतं, ते सोडून द्या. समजा भाजणी अर्धा किलो, ती झाली १७५०. मोहन पन्नास ग्रॅम, ४५०. आणि तेल दोनशे ग्रॅम कमी भरलं तर १८००. एकूण ४०००. चाळीस चकल्या पाडल्या तर शंभराची एक. तेल नीट तापलं नसेल, उकड सैल झाली असेल किंवा मोहन जास्त पडलं असेल तर चकली तेल पिते आणि हातात घेतली की मऊ पडते, तिची सव्वाशेची धरा.

साच्यातून तीन वेढ्यांच्या ऐवजी दोनच वेढे घालायचे. डब्यात हात घालणारा एकच उचलतो, आकार कोणी बघत नाही.

मिसळ_वाढा

काकू, भाजणीचं प्रमाण द्याल का?

वाळवणकर_काकू

त्याला पाककृतींत वेगळा धागा काढ बाळा, इथे अवांतर होईल. उद्या दुपारी लिहिते.